'एलियन: रोम्युलस' बघायचा तर मालिकेतले आधीचे सगळे चित्रपट बघावे लागतील का? आणि इतकी जुनी मालिका याच भागाने परत उभी कशी राहिली?

सगळे नाही, फक्त १९७९ चा रिडली स्कॉटचा पहिला 'एलियन' बघा. रोम्युलस त्याच्यानंतर वीस वर्षांनी, २१४२ साली घडतो, आणि जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ च्या भागाची गोष्ट याच्याही बरीच पुढची आहे. 'प्रोमिथियस'मधलं (२०१२) ते काळं द्रव्य इथेही येतं, पण ते काय करतं हे डोळ्यांसमोर दिसतंच, त्यासाठी मुद्दाम तो बघायला नको.

आता दुसरा प्रश्न. दिग्दर्शक फेडे अल्वारेझने शक्य तिथे कॉम्प्युटरऐवजी खरे, यंत्रावर हलणारे प्राणी वापरले, याचं सगळेच कौतुक करतात. ते योग्यच आहे. तोंडाला चिकटणारा तो प्राणी फरशीवर बोटं आपटत पळतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं. पण मला विचाराल तर चित्रपट उभा राहतो तो एका खिडकीपाशी, आणि तेव्हा एलियनचा पत्ताही नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिकच्या सिटी सेंटर मॉलला रात्रीच्या शोला मी आणि दादा गेलो होतो. दादा सहा वर्षं अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. सात महिने झाले की ब्रेक, मग नवा गेटपास आणि "पुढच्या वेळी पर्मनंटचं बघू." पडद्यावर रेन नावाची मुलगी, आई-बाप खाणीच्या आजाराने गेलेले, ठरलेले तास भरून कंपनीच्या खिडकीशी जाते. सुटका मागते. पलीकडून शांतपणे उत्तर येतं: कोटा वाढलाय, अजून पाच-सहा वर्षं, आणि आता खाणीत. वर कंपनीतर्फे आभार. दादा खुर्चीत पुढे सरकला. "असंच बोलतात गं, आवाज न चढवता," एवढंच म्हणाला. त्याने ते गेटपास अजून टाकलेले नाहीत, रबर लावून कपाटात ठेवलेत.

त्यामुळे पुढे रेन आणि तिच्या सोबतीची पोरं बंद पडलेल्या अंतराळस्थानकावर चोरी करायला जातात तेव्हा "कशाला मरायला जाताय" असं वाटत नाही. जाणारच ना! आणि अँडी, रेनच्या वडिलांनी भंगारातून आणून दुरुस्त केलेला कृत्रिम, म्हणजे यंत्रमानव भाऊ. डेव्हिड जॉन्सनने तो इतका मायेने केलाय की त्याच्यात कंपनीची चिप बसते आणि तो रेनऐवजी कंपनीचं हित बघू लागतो, तेव्हा मला खरी भीती वाटली.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटली नाही. पहिल्या भागातले नट इयन होम २०२० मध्ये वारले, आणि इथे त्यांचा चेहरा तंत्राने पुन्हा आणलाय. घरच्यांची परवानगी होती, तरीही नको होतं. नवा नट घेऊन तेच काम झालं असतं.

पहिला भाग बघा म्हणते तो कंपनी आणि कामगारांच्या याच धाग्यासाठी. त्यात झोपेतून उठलेले अंतराळजहाजावरचे खलाशी जेवायला बसतात आणि पार्कर-ब्रेट हे दोन मेकॅनिक सगळ्यांत आधी बोनसचं काढतात, कारण त्यांचा वाटा इतरांपेक्षा कमी असतो. पुढे त्या अनोळखी संदेशाचा माग काढायला ते नको म्हणतात, तर त्यांना कराराचं कलम ऐकवलं जातं: नाही गेलात तर वाटा शून्य. अंडी, आम्ल, रक्त हे सगळं त्यानंतर.

लहान मुलांना दोन्हीपासून लांब ठेवा. पहिला लावाल तेव्हा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण सुरुवातीची काही मिनिटं कुणी एक शब्दही बोलत नाही. नुसतं रिकामं जहाज दिसत राहतं, आणि ते पळवत पुढे न्यायचं नाही.