ढालकिडा दाखवायचाय? आधी मावा शोधा

ताई, तुमची सहा वर्षांची लेक चित्रातला लाल लेडीबग बघून "खरा दाखव" म्हणून मागं लागलीय, आणि सोबत कीटकांचे शब्द कसे शिकवावेत, असं तुम्ही विचारलंय. मी परभणीकडं बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. माझं म्हणणं एवढंच, की शब्दांची घाई नको. आधी मावा शोधा.

आपल्याकडं लेडीबगला ढालकिडा म्हणतात आणि मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, हे त्याचं जेवण. डिसेंबर-जानेवारीत करडईच्या शेंड्यांना काळा मावा लगडतो, खालची पानं चिकट्यानं तेलकट दिसतात. रान नसेल तर कुंडीत वाल किंवा चवळी लावा; मावा बोलावणं न धाडता येतो. फवारलेल्या पिकात मात्र पोरीला नेऊ नका.

लाल किड्याआधी अळी दाखवा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी. हेच त्याचं लेकरू, असं सांगितलं तर वर्गात कुणाला पटायचं नाही. पहिल्या वर्षी मी सात अळ्या एकाच बरणीत ठेवल्या आणि रविवारी मावा टाकायचा विसरलो. सोमवारी चारच! उपाशी राहिल्या की त्या एकमेकींनाच खातात. वर्गात ही रडारड. तेव्हापासून एका बरणीत एकच अळी, तोंडाला फडकं आणि रोज माव्याचा ताजा शेंडा.

कोषात जाण्याआधी ती तीनदा कात टाकते. मग शेपटीकडून पानाला चिकटून कुबड काढून बसते, तो कोष. साधारण आठवडाभरात आतून निघतो तो चक्क फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा! ठिपके काही तासांत उमटतात. हे डोळ्यांनी पाहिलं की अंडी, अळी, कोष, प्रौढ हे पाठ करून घ्यावं लागत नाही. 'पूर्ण रूपांतरण' हा शब्द मी त्याच दिवशी फळ्यावर लिहायचो. नाकतोड्याला कोष नसतो, तेही जाता जाता सांगा.

डोकं, छाती, पोट मोजताना पोरं हमखास फसतात. पुढच्या काळ्या भागावरचे पांढरे डाग त्यांना डोळे वाटतात. तो भाग छातीचा. खरं डोकं बारीक, त्याच्या पुढ्यात दडलेलं. सहाही पाय छातीलाच. लाल ढाल म्हणजे कडक झालेले वरचे पंख. उडताना ते उचलले की खालचे पातळ पंख दिसतात. हातावर घेतल्यावर गुडघ्यांतून पिवळा वासट थेंब आला तर ती शी नव्हे, त्याची ढाल सोडून दुसरी ढाल.

ठिपक्यांवरून वय कळतं, ही थाप आहे. सात ठिपक्यांचा जन्मभर सातच मिरवतो. आपल्याकडच्या काहींना तर ठिपक्यांऐवजी नागमोडी रेघा असतात. आणि वांग्याच्या पानाची जाळी करणारा, बारीक लव असलेला, मळकट तांबूस किडा दिसला तर ठिपके मोजायला लावा. अठ्ठावीस भरले तर तो याच कुळातला, पण माव्याला न शिवणारा, पानं खाणारा भाऊबंद.