कॉम्प्युटरच्या ५.१ सेटचा ॲम्प कसा पारखायचा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: एका सेटच्या खोक्यावर ३००० वॉट पीएमपीओ लिहिलंय, दुसऱ्यावर ६० वॉट आरएमएस. पहिला जास्त मोठा वाजेल ना?

नाही हो. आरएमएस म्हणजे सलग देता येणारी पॉवर, पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल पॉवर. पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नाहीये, त्यामुळे तो आकडा सोडूनच द्या. सेट उलटा करा आणि लेबल वाचा. अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा असेल तर आत जाणारी पॉवर ६० वॉट, त्यातली थोडी ॲम्प (ॲम्प्लिफायर) स्वतः गरम होण्यात घालवणार आणि उरलेली सहा चॅनेलांत (पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणून ५.१) वाटली जाणार. आतले कपॅसिटर क्षणभराच्या ठोक्याला हात देतात, पण सलग वाजताना आत जाते त्यापेक्षा जास्त पॉवर बाहेर येणार कुठून? (आतच ट्रान्सफॉर्मर असेल तर लेबलवरचा आकडा बऱ्याचदा सरासरी वापराचा असतो, तिथे तो नुसता अंदाज म्हणून धरा.)

आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. म्हणून ४० की ५० वॉट यावर डोकं शिणवू नका, त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला तो किती मोठा वाजतो) किती आहे ते विचारा.

प्रश्न: माझ्याकडे मल्टिमीटर आहे. खरी पॉवर घरी मोजता येईल का?

येईल, आणि जमत असेल तर नक्की मोजा, कारण खोटे आकडे पकडायचा याहून सरळ मार्ग नाही. सॅटेलाइट स्पीकरची वायर काढा आणि त्या जागी ४ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावा (स्पीकर ४ ओहमचा असेल तर). कॉम्प्युटरवर ३०० हर्ट्झचा टोन सुरू करा. ३००च का, तर सॅटेलाइटला खालचा बास मुळात पाठवलाच जात नाही आणि स्वस्त मल्टिमीटर चारशे-पाचशे हर्ट्झच्या वर गंडतात. सबसाठी ५०-६० हर्ट्झ घ्या. आता एसी व्होल्ट बघत व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, एका जागी व्होल्ट वाढायचे मंदावतात, तिथे थांबा कारण त्याच्यापुढे आवाज फाटायला लागलेला असतो. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागा. ६.३ व्होल्ट आले तर ६.३ गुणिले ६.३ भागिले ४, म्हणजे १० वॉट. रेझिस्टरला हात लावू नका, चांगलाच चटका बसतो.

पण खरी परीक्षा पुढे आहे. एकट्या चॅनेलवर नाही, सगळे चॅनेल एकदम चालू ठेवून मोजा. मी तपासलेल्या एका सेटमध्ये पुढचा डावा चॅनेल एकटा असताना छान ६.३ व्होल्ट देत होता, बाकीचे चार सॅटेलाइट चॅनेल सुरू केले आणि मीटर ४.२ वर येऊन बसला. म्हणजे १० वॉटचे झाले ४.४. सिनेमात स्फोट होतो तेव्हा सगळे चॅनेल एकदमच पॉवर मागतात आणि नेमका तेव्हाच पॉवर सप्लाय बसतो, मला अशा सेटचा खरंच राग येतो. कागदावर '१०% टीएचडी'ला (टीएचडी म्हणजे आवाजातलं डिस्टॉर्शन, विकृती) मोजलेले वॉट दिले असतील तरी सावध व्हा, इतक्या डिस्टॉर्शनला आवाज उघड फाटलेला असतो.

एक सांगायचं राहिलं. ॲम्प ब्रिज पद्धतीचा असेल तर स्पीकरची काळी वायर म्हणजे ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. दोन चॅनेलच्या काळ्या वायरी एकत्र जोडल्या तर आयसी (ॲम्पची चिप) जाऊ शकतो.

प्रश्न: काहीच वाजत नसताना स्पीकरमधून गुणगुण येते. ॲम्प खराब आहे का?

कॉम्प्युटरकडून येणारे तिन्ही जॅक काढा आणि ऐका. गुणगुण गेली तर ॲम्प निर्दोष, ग्राउंड लूप आहे (कॉम्प्युटर आणि सेट यांच्या अर्थमधून नको तो करंट फिरतोय). लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच थांबते. दोन्हीकडचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, नाहीतर ऑडिओ आयसोलेटर लावा. अर्थची पिन मात्र कधीही कापू नका, जिवावर बेतू शकतं.

जॅक काढूनही गुणगुण राहिली तर दोष आतला, बहुतेक सप्लायचा फिल्टर कपॅसिटर कमजोर झालाय. नुसती बारीक सूं असेल तर ती थोडीफार प्रत्येक ॲम्पला असते. टेबलावर स्पीकर हातभर अंतरावर असतात, म्हणून मी तिथूनच ऐकतो आणि तिथे सूं ऐकू आली तर सेट नापास करतो.

प्रश्न: ऑप्टिकल केबल लावली तर सिनेमाला मागचे स्पीकर वाजतात, गेमला नाही.

ऑप्टिकलमधून कच्चा (म्हणजे कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच चॅनेलचा जातो. सिनेमात ५.१ आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पद्धतीने आधीच दाबून (कॉम्प्रेस करून) भरलेला असतो म्हणून ५.१ पोचतं. गेमचा आवाज तिथल्या तिथे तयार होतो, तो दाबायला साउंडकार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट लागतं. नसेल तर सरळ तीन जॅक वापरा: हिरवा पुढचे, काळा मागचे, केशरी सेंटर आणि सब. एचडीएमआय इनपुट असेल तर प्रश्नच मिटला, त्यातून आठ चॅनेल कच्चे जातात.

प्रश्न: संवाद सबवूफरमधून येतात आणि सेंटर घुमतो.

केशरी जॅकमधले दोन चॅनेल उलटे आलेत. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर आणि सब अदलाबदल करायचा पर्याय शोधा.

प्रश्न: चालू करताना स्पीकर धप्पकन वाजतो आणि त्याचा कोन (पुढचा पडदा) बाहेर येऊन तसाच राहतो.

लगेच बंद करा! नुसता धप्प आवाज येऊन कोन परत जागेवर गेला असता तर मी इतकी काळजी केली नसती, पण तो बाहेरच राहिला म्हणजे आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा करंट) येतोय. स्पीकर काढून डीसी व्होल्ट मोजा, दहावीस मिलिव्होल्ट चालतात, एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसले तर त्या चॅनेलचा आयसी गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो बदलून परत मोजेपर्यंत तिथे स्पीकर लावू नका, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळेल.