आमवात आहे आणि वजनाचं ऑपरेशन करायचंय? आधी औषधांची यादी काढा

ताई, सर्जनकडून तारीख घेण्याआधी तुमच्या आमवाताच्या डॉक्टरांना गाठा. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. निरोप्याचं काम आपण करायचं नाही, त्यात हमखास काहीतरी सुटतं.

खरा प्रश्न स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करणं) की बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं), हा. बायपासमध्ये पोट आणि आतडं जोडतात तिथे अल्सर होऊ शकतो, म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नंतर टाळाव्याच लागतात. आणि बोटं सुजून सकाळी चहाचा कप धरवत नाही, तेव्हा आपला हात आधी त्याच पाकिटाकडे जातो ना? म्हणून आपल्यासारख्यांसाठी अनेकदा स्लीव्हचा विचार होतो. पण छातीत जळजळ होत असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, तेही सांगा.

स्टेरॉइड चालू असेल तर जखम उशिरा भरते, संसर्गाचा धोका वाढतो. डोस आधी कमी करता येईल का, विचारा. मनाने एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. बायोलॉजिक इंजेक्शन (आमवातात प्रतिकारशक्तीचा भडका शमवणारं औषध) चालू असेल तर ते कधी थांबवायचं, पुन्हा कधी घ्यायचं, हे लेखी घ्या.

ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व घेणं जन्मभराचं.

'वजन उतरलं की आमवात जातो' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. गुडघ्यांना आराम पडतो, सूज कमी होऊ शकते, पण आजार राहतो आणि त्याची औषधंही. सध्या सांधे भडकले असतील तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला.