सात कप्प्यांची डबी

माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर त्याने एक डबी ठेवली. वयस्कर माणसांच्या औषधांची असते तसली, सात कप्प्यांची, झाकणांवर सोम ते रवी लिहिलेली. त्याच्या आईची जुनी डबी. सोमवारचं झाकण त्याने नखाने उचकटलं. आत गोळ्या नव्हत्या, एअर रायफलचे शिशाचे छर्रे होते. ज्वारीच्या दाण्याएवढे, मध्ये कंबर आवळल्यासारखे.

‘हे ०.५२८ ग्रॅमचे. मंगळवारात ०.५३०. बुधवारात ०.५३२.’ कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका ओळखीच्या सोनाराकडून त्याने मिलिग्रॅम दाखवणारा काटा घेतला होता. पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा असा वजनाप्रमाणे निवडायला त्याला दोन रात्री लागायच्या. हे सांगताना त्याचा आवाज खाली आला, देवघरातली वस्तू दाखवताना येतो तसा.

शेजारी वडील बसले होते. ते म्हणाले, ‘मॅडम, हे असं खुळ्यागत करायलंय. पर्मनंट नोकरी सोडतो म्हणतंय. लगीन झालंय, दोन वर्षांची पोरगी हाय.’

मुलगा एकोणतीस वर्षांचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, हातात सव्वीस हजार पगार, घराचा हप्ता साडेनऊ हजार. सहा वर्षांपासून नेमबाजी करणारा. वडिलांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करण्यात आयुष्य घालवलेलं. या सगळ्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे, कारण महिन्यातून दोन-तीन जण तरी हाच प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसतात. कुणाचा केकचा नाद असतो, कुणाचा फोटोग्राफीचा, कुणाचा जुन्या गाड्यांचा. प्रश्न एकच असतो: जे जीव लावून करतो त्यावरच पोट भरता येईल का? त्याच्यामागे एक भीती असते, ती सहसा बोलली जात नाही. पोट भरायला लावलं तर त्यातला जीव जाईल का?

कोल्हापुरात नेमबाजीचा नाद लागणं नवलाचं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफल प्रकाराची, विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. ही नावं या मुलाच्या तोंडी घरच्या माणसांसारखी येत होती.

वडिलांनीही तेच नाव घेतलं, पण उलट्या बाजूने. ‘त्या स्वप्नीलला रेल्वेची नोकरी हाय. ती धरूनच त्यानं पदक आणलं.’

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे खेळाडू मोठे होतात ते बहुतेक वेळा नोकरीच्या आधाराने. स्वप्नील २०१५ पासून मध्य रेल्वेत आहे. शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, राहीला उपजिल्हाधिकारी पद मिळालं. पण तो दरवाजा पदकांनी उघडतो. मी मुलाला सरळ विचारलं, तुझी सरासरी किती? एअर रायफलच्या साठ शॉटना, दशांशात. तो म्हणाला, ‘सहाशे चार.’ कमाल ६५४ असते, आणि देशात वरच्या फळीत यायचं तर ६२५ च्या पुढे सातत्याने मारावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं. डोळे न चुकवता. तेव्हा मला तो आवडला. नेमबाजीत माणसाला स्वतःशी खोटं बोलता येत नाही, नेमाचं कार्ड समोर टांगलेलं असतं.

म्हणजे खेळाडू म्हणून पोट भरायचा त्याचा विचारच नव्हता. त्याला नाद होता तो यंत्राचा. ट्रिगरचं वजन, खांद्याला टेकणाऱ्या बट-प्लेटचा कोन, छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०. आणि त्याहून पुढे एक स्वप्न होतं, ते त्याने वडील पाणी प्यायला उठले तेव्हा सांगितलं. रीलोडिंग. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तळाचा वापरलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, ठोकून काढायचा, पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजून भरायची, वर गोळी बसवायची. अमेरिकेतली माणसं घराच्या गॅरेजमध्ये हे करतात, त्यांचे व्हिडिओ तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघायचा. ‘एक ग्रेन म्हणजे पासष्ट मिलिग्रॅम, मॅडम. माझ्या काट्याला ते सहज जमतंय. क्लबांना भरून द्यायचं, असं डोक्यात आहे.’

समुपदेशकाने सहसा स्वप्नाला हात लावायचा नसतो. इथे मी लावला, त्याच क्षणी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम दारूगोळा बनवणं, विकणं, आणि बंदुका दुरुस्त करणंसुद्धा परवान्याशिवाय करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. ज्या अमेरिकेचे व्हिडिओ तो बघत होता तिथेही स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, पण धंदा म्हणून भरून विकायला लागलं की उत्पादकाचा परवाना काढावा लागतो. तिथला छंदसुद्धा बाजारात पाऊल टाकताच कायद्याच्या दुसऱ्या खान्यात जातो.

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘तसंही आपल्या रेंजवर जे पॉइंट टू-टूचं काडतूस चालतं ते पुन्हा भरताच येत नाही. त्याचा प्रायमर तळाच्या कडेत असतो. बंदुकीची पिन कडेवर बसली की कड चेपते, संपलं.’

‘हे तुला माहीत होतं?’

‘होतं.’

याला मी महत्त्व देते. त्याला अडचण ठाऊक होती आणि तरीही तो रात्री दोनपर्यंत बघत होता. म्हणजे त्याला त्या व्हिडिओतून धंदा नको होता, दुसरं काहीतरी हवं होतं. बहुधा ती शांतता: एक टेबल, एक दिवा, एक माप, आणि कुणी हाक न मारणारं. दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला रात्री स्वतःचं काहीतरी बिनचूक करायचं होतं.

पहिल्या दिवशी मी आणखी एकच गोष्ट बजावली. त्याच्या बोटांची टोकं राखाडी दिसत होती. छर्रे निवडायचा कुठे, तर जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असतं आणि दोन वर्षांचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. ‘आज घरी गेल्यावर हे सगळं माडीवर हलवायचं, हात साबणाने धुवायचे, मगच पोरीला घ्यायचं.’ करिअरचं नंतर बघू म्हटलं.

दुसऱ्या वेळी तो पत्नीला घेऊन आला. ती फार बोलली नाही. ‘सोडू द्या नोकरी. फक्त हप्ता कोण भरणार ते लिहून द्या म्हणावं,’ एवढंच. तिच्या या एका वाक्यात माझं निम्मं काम झालं, कारण ‘सोडू का नको’ या प्रश्नाला उत्तर नसतं, ‘हप्ता कोण भरणार’ याला असतं.

मी त्याला विचारलं, ‘गेल्या दोन महिन्यांतला तुझा सगळ्यात चांगला अर्धा तास कुठला?’ मला वाटलं सगळे शॉट दहावर बसलेली एखादी मालिका सांगेल. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागलहून रेंजवर येणारी एक शाळकरी मुलगी. तिच्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ मोठी होती, अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, शॉट उजवीकडे पडायचे. याने तिच्या वडिलांना विचारून कानशीने आणि पॉलिश पेपरने मूठ थोडी थोडी उतरवली. दर वेळी तिच्या हातात देऊन बघायची, पुन्हा घासायची. चाळीस मिनिटांनी तिचे पाच शॉट एका नाण्याखाली झाकतील असे पडले. दुसरी गोष्ट, रविवारी सकाळी सातला रिकाम्या रेंजवर मारलेला पहिला शॉट. ‘तेव्हा श्वास सोडला की आतलं सगळं थांबतं.’

मी दोन्ही कागदावर लिहिल्या आणि कागद त्याच्याकडे फिरवला. यातली कुठली विकता येईल?

बराच वेळ बघून त्याने पहिल्यावर बोट ठेवलं.

छंदाला धंदा करायचा विचार करणारी बहुतेक माणसं इथेच गोंधळतात असा माझा अनुभव आहे. छंद म्हणजे एकच गोष्ट नसते, दोन-तीन सुखं एकमेकांत गुंतलेली असतात. त्यातलं एखादं लोकांच्या उपयोगी पडतं, त्याचे पैसे मिळू शकतात. दुसरं फक्त आपलं असतं. दोन्ही एका दमात बाजारात नेली की आपलं सुख आधी जातं, कारण त्याच्यासाठी कुणी वेळ ठरवून देत नाही. केक करणाऱ्या बाईला पीठ फेटायला आवडतं, पण दुकान टाकल्यावर तिचा दिवस फोनवर आणि उधारी मागण्यात जातो. हे वाईट नाही. पण ते आधी माहीत असावं.

मग वही आली. नोकरी तशीच ठेवून तीन महिने मित्रांच्या ओळखीतली कामं घ्यायची: पिस्तुलाच्या मुठी, रायफल टेकवायचे स्टँड, छर्ऱ्यांचे ट्रे. कुठलं काम परवान्याशिवाय चालतं आणि कुठलं नाही, ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारायचं, उत्तर फाइलला लावायचं, ज्याचं उत्तर नाही ते काम घ्यायचं नाही. वहीत तीन रकाने. लोकांच्या कामाचे तास. हातात आलेले पैसे, सामानाचा खर्च वजा करून. आणि तिसरा, स्वतःसाठी मारलेले शॉट.

तिसऱ्या रकान्याला तो हसला होता.

तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा हिशेब असा होता: चौदा कामं, ११,२०० रुपये आले, सामानाला ४,३०० गेले, ९६ तास लागले. ताशी ७२ रुपये पडत होते. कारखान्यात त्याला ताशी सव्वाशे मिळतात, शिवाय पीएफ. हे आकडे बघून तो खचेल असं मला वाटलं होतं. तो खचला नाही. ‘मुठीला सुरुवातीला सात तास लागायचे, आता चार लागतात,’ म्हणाला. हे खरंही होतं, शेवटच्या महिन्याचा भाव शंभराच्या वर गेला होता.

मी तिसऱ्या रकान्यावर बोट नेलं. पहिल्या महिन्यात २४०. दुसऱ्यात ६०. तिसऱ्यात चारही रविवारी शून्य.

तो त्या शून्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘रविवारी लोक रेंजवर गाठतात. जरा बघ की रे म्हणतात. रायफल पिशवीतून बाहेरच निघत नाही.’ आणि थोड्या वेळाने: ‘बायको म्हणत होती मी चिडचिड करायला लागलोय. मला वाटलं झोप कमी पडते म्हणून.’

नोकरी सोडायची की नाही, हे त्या दिवशीही मी सांगितलं नाही. त्यानेच ठरवलं. निदान पोरगी शाळेत जाईपर्यंत नोकरी ठेवायची. बाहेरची कामं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, त्याही घरी, रेंजवर नाही. आणि त्याच्या स्वभावाला शोभेल असं तिसरं एक दार त्याला दिसलं, ते मला सुचलं नव्हतं. स्पर्धांच्या वेळी इक्विपमेंट कंट्रोल नावाचं एक टेबल असतं. तिथे प्रत्येकाचं साहित्य नियमाला धरून आहे का ते तपासतात: एअर पिस्तुलाचा ट्रिगर पाचशे ग्रॅम उचलतो का, एअर रायफल साडेपाच किलोच्या आत आहे का, जॅकेटचं कापड किती जाड, किती ताठ. क्वालिटी विभागात सहा वर्षं गेज हातात धरलेल्या माणसाची ही जागा होती. पंचांच्या परीक्षेची तयारी करायची त्याने ठरवलं. त्यातून घर चालत नाही हे त्याला माहीत आहे. पण त्या टेबलावर बसलेला माणूस खेळाच्या आत असतो, आणि पुढे कधी स्वतःचं वर्कशॉप काढलं तर लोक त्याच्या मापावर विश्वास ठेवतील.

वडिलांचं काय झालं ते सांगायला हवं. मधल्या काळात एकदा ते एकटेच आले होते. मुलाने केलेली एक मूठ पिशवीतून काढून माझ्यापुढे धरली. मला वाटलं तक्रार असणार. ‘बगा मॅडम, ह्येनं लाकडाची रेघ आडवी घेतलीया. अंगठ्यापाशी चिरणार ही.’ पस्तीस वर्षं पॅटर्न कोरलेल्या हाताने त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवून दाखवलं. मी म्हटलं, काका, हे त्याला सांगितलंत का? ते म्हणाले, ‘त्यो इचारतोय कुठं?’ मी त्याला त्याच संध्याकाळी फोन केला. असा फोन मी एरवी करत नाही.

परवा, म्हणजे पहिल्या भेटीनंतर अकरा महिन्यांनी, तो वही घेऊन आला. मुठींच्या कामाच्या नोंदीत आता दोन अक्षरं आहेत, एक त्याचं आणि एक थरथरतं, जुन्या वळणाचं. लाकूड कुठलं घेतलं, रेघ कशी ठेवली, किती दिवस वाळवलं. डबीही सोबत आणली होती. सोमवार ते शनिवार कप्पे रिकामे.

रविवारचं झाकण उघडलं तर आत छर्रे होते, न मोजलेले, डब्यातून आले तसेच. मी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘हे माझे. साठ आहेत. उद्या सकाळचे.’