बाथटब करकरतोय? आधी टबाचे पाय बघा
दादा, टब बदलायचा विचार आत्ताच सोडा. अ‍ॅक्रिलिकचा टब करकरतो तो बहुतेक वेळा खालचा आधार सुटल्यामुळे. बाजूचं पॅनल काढून टॉर्च मारा. एखादा पाय अधांतरी असेल तर नट फिरवून टेकवा, लेव्हल तपासा.

नवखे इथं चुकतात:
- टबाखालच्या फटीत फुगणारा फोम ठासतात. तो टबच वर उचलतो.
- टब रिकामा असतानाच भिंतीलगतच्या जोडाला सिलिकॉन (फट बुजवायचा रबरी लेप) लावतात. आधी टब पाण्यानं भरा, मग लावा, आणि सुकेपर्यंत, निदान २४ तास, टबातलं पाणी काढू नका. नाहीतर वजन पडलं की जोड फाटतो.

खानापूरकडं जुन्या माडीवर न्हाणीघर असेल तर टबाखालच्या लाकडी फळ्याही करकरतात; त्या स्क्रूनं आवळा, खिळ्यानं नको. तेही पावसाळा सरल्यावर; ओलीनं फुगलेल्या लाकडात आवाज दबतो. गवंड्याला लगेच बोलवू नका, एवढं तुम्हाला नक्की जमतंय बघा.