हातात चेंडू हवा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. ईशान्येकडच्या त्या राज्याने तुला पाहुणा खेळाडू म्हणून बोलावलंय. मुंबईकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागायची की नाही हे तुझं ठरत नाही. बाबा म्हणतात, मुंबई सोडून गेलेला परत येत नाही. मित्र म्हणतात, प्लेट ग्रुपमधल्या, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातल्या, विकेट्स कोण मोजतो. आणि तू म्हणतोस, अजून एक सीझन थांबून बघावं. सगळं सविस्तर लिहिलंस, पण गेल्या सीझनमध्ये सामन्यात किती ओव्हर टाकल्यास ते मात्र लिहिलं नाहीस. ते लिहायला घेतलं असतंस, तर पुढचा मेसेज लिहायची गरजच पडली नसती.

तू चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज आहेस की नाही यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. नसतास तर सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने तुझ्यासाठी टेबलाशी बसायचं कारण नव्हतं. मला एकच सांगायचंय, आणि ते या पत्रात पुन्हापुन्हा येईल. गोलंदाजाच्या हातात चेंडू हवा. नेटमध्ये नव्हे, सरावाच्या सामन्यात नव्हे. खऱ्या सामन्यात, कॅप्टनने बोलावून दिलेला.

बाकाची सवय लागते, आणि ती इज्जतीने लागते म्हणून कळत नाही. मुंबईचं किट असतं, हॉटेल असतं, टीमच्या बसमध्ये आपली जागा असते. पैसेही असतात. 2021 साली बोर्डाने ठरवलेल्या दराने 20 सामन्यांपर्यंत खेळलेल्याला दिवसाला 40,000 रुपये, आणि राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. म्हणजे चार दिवस बाटल्या, ग्लोव्हज आणि निरोप पोचवून 80,000. बाबांची कंपनी बंद झाल्यापासून घर तुझ्यावर आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे या पैशाला मी नावं ठेवणार नाही. पण हिशोब अर्धा करू नकोस. तिकडे अकरात खेळशील तर बोर्डाकडूनच दुप्पट मिळतील. मग पैशाचं कारण देऊन इथे थांबायला काही उरत नाही. उरते ती टोपीची ओढ. ती मला कळते, तुझ्यापेक्षा जास्त कळते.

इथे तुझी जागा का होत नाही, हेही स्वच्छ बघ. तुझ्यावर कोणी अन्याय केलेला नाही. शम्स मुलानी डावखुरा फिरकी टाकतो आणि फलंदाजी करतो. तनुष कोटियन ऑफस्पिन टाकतो आणि फलंदाजी करतो. 2023-24 मध्ये मुंबईने 42 वी रणजी जिंकली तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. वयाने दोघेही तुझ्या आसपासचे. ते दोघे उभे असताना अकराव्या क्रमांकावर खेळणारा तिसरा फिरकी गोलंदाज कुठला कॅप्टन घेईल? मी घेतला नसता. मी उमेदीत होतो तेव्हा मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर अजून खेळत होते आणि तशीच फिरकी टाकणारा रवी शास्त्री येऊन पोचला होता. मधल्या जागेत मी होतो. तिथे फार दिवस उभं राहता येत नाही.

तू लिहिलंस, 'सर, मी नेटमध्ये रोज दोन तास टाकतो.' हे वाचून मला राग आला. नेटमध्ये फलंदाज बाद झाला तरी पुढच्या चेंडूला तोच उभा असतो. तुला मिडऑन मागे न्यावा लागत नाही, कारण मिडऑनच नसतो. दुपारचे तीन वाजलेत, सत्तर ओव्हर जुना एसजी चेंडू हातात मऊ पडलाय, समोरचा ऐंशीवर खेळतोय, पहिलाच चेंडू त्याने पुढे येऊन डोक्यावरून मारलाय. आता दुसरा तितकाच वर सोडायचा की खाली खेचायचा? हा प्रश्न नेटमध्ये पडतच नाही. आणि फिरकी गोलंदाज घडतो तो याच प्रश्नावर. खाली खेचला की तू वाचतोस, पण विकेट गेली. पुन्हा वर सोडायचं धाडस मार खाऊनच येतं, आणि मार खायलासुद्धा हातात चेंडू लागतो.

बोट आठव. तर्जनीच्या आतल्या कडेला शिवण घासून घट्टा पडतो तो. रोज थोडंथोडं टाकून तो टिकत नाही, एका दिवसात पंचवीस-तीस ओव्हर टाकल्या की टिकतो. मार्चमध्ये त्या क्लबच्या सामन्यात तुला अचानक लांब स्पेल मिळाला तेव्हा बाराव्या ओव्हरला बोट फाटलं. तू फिजिओकडे गेलास, मलम लावलंस. ते दुखणं बाकावरचं होतं.

बाबा शिवलकरांचं उदाहरण देतात ना? त्या माणसाबद्दल मला किती आदर आहे ते तुला ठाऊक आहे. 2025 च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही. 124 प्रथम श्रेणी सामने, 589 विकेट्स, कसोटी एकही नाही. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉकवर तमिळनाडूच्या आठ जणांना अवघ्या 16 धावांत उचललं त्यांनी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईने परत बोलावलं तर गेले. मुंबई त्यांनी सोडली नाही, खरं आहे. पण मुंबईने तरी त्यांच्या हातातून चेंडू काढून घेतला होता का? पंचवीस वर्षं ते टाकत होते. त्यांच्या निष्ठेचा दाखला राखीव खेळाडूला देणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे. ते बाकावर बसून थोर झाले नाहीत.

आणि त्याच काळातला दुसरा डावखुरा घे. राजिंदर गोयल. पतियाळा, दक्षिण पंजाब, दिल्ली, हरियाणा, जिथे चेंडू मिळाला तिथे टाकला. रणजीत 637 विकेट्स, आजवर कोणी तिथे पोचलेलं नाही. भारतीय संघात त्यांच्यासारखेच डावखुरे बिशनसिंग बेदी होते म्हणून कसोटी मिळाली नाही. 1974 मध्ये बेंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध बेदींना वगळलं होतं, गोयल संघात होते, तरी त्यांना अकरात घेतलं नाही. ते परत गेले आणि पुढे दहा वर्षं टाकत राहिले. एकाने शहर सोडलं नाही, एकाने चार संघ बदलले, आणि 2017 मध्ये सी. के. नायडू पुरस्कार दोघांना बरोबरच मिळाला. शहराने काय फरक पडला, सांग मला.

प्रवीण तांबेचं नाव तू घेतलंस. एकेचाळिसाव्या वर्षी आयपीएल, तोपर्यंत प्रथम श्रेणीचा एक सामना नाही, म्हणून 'वाट बघितली की मिळतं'. अरे, वाट कुठे बघितली त्याने? तो दर आठवड्याला मुंबईच्या मैदानांवर टाकत होता. कंपनीच्या संघातून टाकत होता, आधी मध्यमगती, मग लेगस्पिन. राजस्थान रॉयल्सने 2013 मध्ये घेतला तो वीस वर्षं चेंडू हातात असलेला माणूस होता. त्याच्या गोष्टीतलं वय सगळ्यांना आठवतं, ओव्हर कोणी मोजत नाही.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण तुझ्या बाबांच्या मनात तेच आहे. मी मुंबई सोडून गेलो तेव्हा मैदानावरच्या लोकांनी मला पळपुटा ठरवलं. ज्यांनी माझी पहिली पकड बोट धरून नीट केली, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते गेले तेव्हाही आमचं बोलणं बंदच होतं. याचं दुःख जात नाही. मुंबईची टोपी घरात नाही, याचंही जात नाही. नातवाने मागितली तेव्हा दुसऱ्या राज्याची दाखवली. पण मी पळालो नव्हतो. मी एका छोट्या राज्याकडून खेळलो, आणि आम्ही बहुतेक सामने हरलो. हरणाऱ्या संघातला फिरकी गोलंदाज किती टाकतो, माहीत आहे? दिवसभर. समोरचे पाचशे करतात आणि एक टोक तुझंच असतं. माझा आर्म बॉल, म्हणजे न वळता सरळ जाणारा चेंडू, तिथे तयार झाला. क्रीझच्या कडेने टाकायला मी तिथे शिकलो. मुंबईत आणखी पाच वर्षं थांबलो असतो, तर मला सांगायला फक्त एवढंच असतं की मी पंधरात होतो. तसं सांगणारे माझे दोन मित्र आहेत, गुणी होते, माझ्यापेक्षा जास्त गुणी. त्यांच्या घरी गेलो की क्रिकेटचा विषय मीच टाळतो.

अमोल मुजुमदारने मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी जिंकली आणि नंतर आसामला गेला, मग आंध्रला. त्याला कोणी पळपुटा म्हणून दाखवावं.

प्लेटमधल्या विकेट्स कोण मोजतो? खरं सांगायचं तर निवड समिती फारशी मोजत नाही. 2018-19 मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने प्लेटमध्ये 68 विकेट्स घेतल्या, बेदींचा 64 चा जुना विक्रम मोडला, वय बत्तीस, आपल्यासारखाच डावखुरा. भारतासाठी तो खेळला नाही. पुढे विदर्भाच्या हर्ष दुबेने 69 घेऊन तो विक्रमही मागे टाकला. म्हणून अमनच्या 68 वाया गेल्या? तुझ्या मित्रांना विचार, त्यांनी कधी एका सीझनमध्ये 68 फलंदाज परत पाठवलेत का. आणि भारताची टोपी मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असंही समजू नकोस. आपल्या नीलेश कुलकर्णीने 1997 मध्ये कोलंबोला कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेतली. मग श्रीलंकेने 952 केल्या, त्याला 195 धावांत तेवढी एकच मिळाली. तीन कसोटी झाल्या आणि संपलं. तो परत येऊन मुंबईसाठी वर्षानुवर्षं टाकत राहिला, म्हणून मी त्याला मानतो.

आयपीएलच्या लिलावात तीस लाखांच्या यादीत नाव असणं आणि पुकारलं न जाणं, यावर तू दोन परिच्छेद लिहिलेस. त्यावर माझ्याकडे काही नाही. ते टीव्हीवर बघू नकोस, एवढंच.

आता कामाचं. एनओसीचा अर्ज या आठवड्यात दे, आणि त्यात कोणाबद्दल एक अक्षर वाकडं लिहू नकोस. अकरात खेळवायचं नुसतं तोंडी आश्वासन नको, ते करारात घे आणि कोचशी स्वतः बोल. तिकडे अंधार लवकर पडतो म्हणून सामनेही लवकर सुरू होतात. थंडीत सकाळी बोटं आखडतात, पहिल्या तासात चेंडू पकडीत बसत नाही, तेव्हा खिशात कोरडा रुमाल आणि हात सतत गरम. कॅच सुटतील, भरपूर सुटतील. स्लिपमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा असेल, त्याच्याकडे बघून हात झटकू नकोस. संध्याकाळी त्याला पन्नास कॅच दे. कॅप्टन तुझ्याहून लहान असेल, त्याला सगळ्यांसमोर सल्ला देऊ नकोस, पण पहिल्या दिवशीच सांग की मला लांब स्पेल चालतो. पहिल्या सामन्यानंतर मला विकेट्स कळवू नकोस, ओव्हर कळव.

बाबांना भेटायला मी रविवारी संध्याकाळी येतोय. त्यांना माझ्यावर जेवढं ओरडायचंय तेवढं ओरडू दे. तू मात्र त्या वेळी घरी थांबू नकोस, आझाद मैदानावर आपल्या क्लबचा सामना आहे, कॅप्टनला मी फोन केलाय. नवा चेंडू जुना झाला की पहिला बदल तूच आहेस.

तुझा,
सर