धडगावच्या पाड्यांवर जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची प्रश्नावली मिळाली. जगातली गरिबी आणि शाश्वत विकास हा विषय घेऊन तू ग्रंथालयात न थांबता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न मात्र काढून टाक: 'कुटुंबाचं मासिक उत्पन्न किती?' सातपुड्यात महिन्याचं उत्पन्न असं काही नसतं. ऊसतोडीची उचल, म्हणजे मजूर नेणारा मुकादम देतो ती आगाऊ मजुरी, दिवाळीच्या आसपास एकरकमी हातात येते, मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पडतात, आमचूर उन्हाळ्यात सुकतो, मका आणि ज्वारी पावसाळ्यानंतर घरात येते. वर्षाची बेरीज बाराने भागून आलेला आकडा कोणत्याच महिन्यात त्या घरात नसतो, आणि जुलै-ऑगस्टात कणगी रिकामी होते ते दिवस त्या आकड्यात दिसतच नाहीत. बारा महिन्यांचा तक्ता आखून प्रत्येक महिन्यापुढे तीन गोष्टी भर: काय आलं, काय गेलं, धान्य कुठून आणलं.

जगाच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये टोकाच्या गरिबीची रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली. तिच्याखाली जगात सुमारे ८० कोटी माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. हे क्रयशक्तीचे डॉलर आहेत, म्हणजे तेवढाच माल आपल्या देशात घ्यायला किती रुपये लागतात त्यावरून धरलेले. बाजारातल्या भावाने गुणलेस तर रेषा दिवसाला अडीचशे रुपयांच्या पुढे जाईल आणि बरीच बरी घरंही गरिबांत धरली जातील. क्रयशक्तीचा दर बाजारभावाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच पडतो. या रेषेने २०२२-२३ मध्ये भारतात सुमारे ५ टक्के लोक गरीब ठरतात. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाने, म्हणजे २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून, देशात सुमारे १५ टक्के, महाराष्ट्रात ८ टक्क्यांच्या आत आणि नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ३३ टक्के. नंदुरबारचाच २०१५-१६ चा आकडा ५२ टक्के होता. दोन्ही मापं आपापल्या जागी खरी आहेत, पण एक खर्च मोजतं आणि दुसरं अभाव. त्यांची एकमेकांतून वजाबाकी करू नकोस.

तुला काम या दुसऱ्या मापाशी आहे, म्हणून ते हाताने करून बघ. आपल्या देशाच्या निर्देशांकात १२ घटक आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिघांना एकेक तृतीयांश भार. पोषणाला १/६, बालमृत्यू आणि मातृआरोग्य यांना १/१२ प्रत्येकी. शाळेची वर्षं आणि शाळेतली हजेरी यांना १/६ प्रत्येकी. स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, वस्तू आणि बँक खातं या सातांना १/२१ प्रत्येकी. घराच्या अभावांची बेरीज १/३ किंवा जास्त झाली की ते घर गरीब.

आता एक घर घे. मूल कुपोषित आहे, चूल लाकडावर पेटते, शौचालय नाही, पाणी झऱ्याचं, घर कुडाचं. बेरीज: १/६ अधिक ४/२१, म्हणजे ०.३५७. घर गरीब. पुढच्या वर्षी शौचालय बांधलं, नळ आला. दोन घटक वजा झाले, बेरीज ०.२६२. घर गरिबीतून बाहेर पडलं. मूल मात्र तिथेच आहे, त्याच वजनाचं. नळ आणि शौचालय येणं ही मोठीच गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण टक्का उतरला म्हणजे पोषण सुधारलं, असा निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक घटक वेगळा उलगडून बघायला हवा. तुझ्या अहवालात एकूण आकड्यापेक्षा हे बारा रकाने महत्त्वाचे आहेत.

रकाना भरताना प्रश्न कसा विचारतोस यावर सगळं अवलंबून आहे. 'गॅस आहे का?' याला उत्तर 'आहे' असंच येईल, कारण शेगडी खरोखर कोपऱ्यात असते. 'शेवटची टाकी कधी भरली आणि त्याआधीची कधी?' असं विचार. १४.२ किलोची टाकी सहा-सात महिने पुरत असेल तर रोजचा स्वयंपाक लाकडावरच आहे. शौचालयाबाबत आधी पाणी किती लांबून आणतात ते विचार. नळाला तोटी आहे का हे बघून थांबू नकोस. दहा लिटरची बादली लाव, घड्याळ लाव, आणि पाणी किती दिवसांनी, किती वेळ येतं ते लिही. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. सहा माणसांच्या घराला ३३० लिटर. बादली भरायला एक मिनिट लागत असेल तर नळ रोज निदान ३३ मिनिटं चालायला हवा. ही मोजणी पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा कर.

मुलांचा दंडघेर मोजायची पट्टी सोबत ठेव. सहा महिने ते पाच वर्षं वयाचं मूल, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर पट्टी काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. असं मूल दिसलं की वहीत नोंद करून पुढच्या घरी जायचं नाही. त्याच दिवशी आशा किंवा अंगणवाडी सेविकेला गाठून मूल पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत पोचेल अशी सोय करायची. सर्वेक्षण एक दिवस मागे पडलं तर पडू दे.

वेळेबद्दल. डिसेंबरात जायचा तुझा बेत बदल. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर गुजरातेत उतरतात. काही पाड्यांत म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं. त्या दिवसांत घेतलेल्या नमुन्यात ज्यांना जावं लागलं नाही तीच घरं येतात, आणि गरिबी आहे त्याहून कमी दिसते. माणसं होळीला परततात. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या दिवसांत पाडे भरलेले असतात, पण सणात प्रश्न विचारायला बसू नये. होळीनंतरचे पंधरा दिवस सोड, मग जा. दुसरी फेरी ऑगस्टात. तरीही कुलूप दिसलं तर त्या घराऐवजी शेजारचं घर घेऊ नकोस. 'कुलूप, स्थलांतर' अशी नोंद कर, कुठे आणि कोणत्या मुकादमाकडे गेलेत ते शेजाऱ्यांकडून लिहून घे, आणि परतल्यावर त्याच घरी जा.

कर्जाचा प्रश्नही असाच. 'कर्ज आहे का?' म्हटलं की लोकांना बँक किंवा सोसायटी आठवते आणि उत्तर 'नाही' येतं. उचल किती घेतली, कोणत्या महिन्यात, कशासाठी, हंगामाच्या शेवटी फिटली का, फिटली नाही तर किती बाकी पुढच्या सालावर गेली, असे पाच प्रश्न क्रमाने विचार. ही बाकी सलग दोन-तीन वर्षं वाढत असेल तर त्या घराला विहीर किंवा बियाणं देऊन स्थलांतर थांबणार नाही. नवरा-बायको त्या बाकीपोटी मुकादमाशी आधीच बांधले गेलेले असतात. रेशनचं विचारताना अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो हे डोक्यात ठेव, आणि कुटुंब बाहेर असतानाचं धान्य कोणी उचललं ते जरूर विचार.

आता पाणी. तुझ्या आराखड्यात 'जलसंधारण' हा एकच शब्द आहे आणि तो धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना सारखा लावला आहेस. खान्देशाची जमीन तशी नाही. साक्री, पारोळा, चाळीसगाव या बाजूला काळा पाषाण: वर मुरूम, मध्ये कुठे मांजऱ्या हा सच्छिद्र खडक, खाली घट्ट खडक. तापीच्या काठाने खोल गाळ, त्यात चिकणमातीचे थर. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेरच्या अंगाला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा, जिथे पाणी झपाट्याने जमिनीत उतरतं. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आलं, हे सगळ्यांनी पाहिलं. पण गाळाच्या भागात चिकणमातीचा थर फोडल्यावर खालच्या वाळूत पाणी गेलं, हे त्यामागचं कारण. तेच खोदकाम काळ्या पाषाणाच्या गावात मुरुमाच्या खाली नेलं तर घट्ट खडक लागतो, पाणी जिरत नाही. उलट, मुरुमात साठलेलं पाणी नाल्याच्या कापलेल्या काठातून बाहेर पाझरून जवळच्या विहिरी लवकर उतरू शकतात. म्हणून कोणतंही काम सुचवण्याआधी गावातल्या दहा विहिरींचे थर बघ आणि पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मे अशी तीनदा मोज.

मग पाण्याचा ताळेबंद मांड. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर. ५०० हेक्टरचं गाव, ६०० मिमी पाऊस: ३० लाख घनमीटर. दहा टक्के जिरतं असं धरलं तर ३ लाख. १,२०० माणसांना ५५ लिटरने वर्षाला २४,००० घनमीटर, ६०० जनावरांना ५० लिटरने ११,०००. उरले २ लाख ६५ हजार. केळीला ठिबकवर हेक्टरी १५,००० धरले तर साडेसतरा हेक्टरांत सगळं संपतं. त्याच पाण्यात कापूस किंवा दादर ज्वारीला ५० मिमीची दोन संरक्षित पाणी, म्हणजे हेक्टरी १,००० घनमीटर, दिलं तर २६५ हेक्टर भिजतात. मी केळीच्या विरोधात नाही. रावेर-यावलची घरं केळीने उभी केली. पण मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी) किती आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) किती लावायची हे ज्याचा बोअर खोल तो एकटा ठरवणार असेल, तर बाकीच्यांच्या विहिरी आटतील. ठिबकने एकरी पाणी वाचतं हे खरं. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावले की उपसा होता तेवढाच राहतो. शेततळ्याचं तेच: ३० बाय ३० मीटरचं तळं बोअरच्या पाण्याने भरलं तर मे महिन्यात दिवसाला १० मिमीने ९,००० लिटर उन्हात उडतात.

आराखड्यात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे, की देखभालीचा रकानाच नाही. सौरपंपाच्या नळयोजनेचं उदाहरण घे. समजा खर्च ६ लाख, आयुष्य १० वर्षं, घरं ६०. बदलीसाठी वर्षाला ६०,००० बाजूला पडायला हवेत, म्हणजे घरामागे महिन्याला ८३ रुपये. पंप चालवणाऱ्याला महिन्याला १,५०० दिले तर आणखी २५. घरामागे १०८ रुपये. हा आकडा पंप बसवण्याआधी पाड्याच्या बैठकीत बोलला गेला पाहिजे, आणि तो दरमहा न मागता उचलीच्या वेळी आणि मोहाच्या हंगामात, असा वर्षातून दोनदा गोळा करायचा. सौर पॅनेलवर धूळ बसली की पंप हळू चालतो, उंदीर वायर कुरतडतात, कंट्रोलर बंद पडला की मिस्त्री शहाद्याहून येईपर्यंत आठवडा जातो. पैसे जमलेले नसतील तर तो आठवडा वर्षाचा होतो आणि बायका पुन्हा झऱ्यावर जातात. प्रकल्पाची पाहणी उद्‌घाटनाच्या वर्षी नको, पैसे संपल्यानंतर तिसऱ्या वर्षी कर.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा याच कारणासाठी बघून ये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार (२०२५ चे पद्मश्री) आणि गावकऱ्यांनी सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल राखलं. तिथे झाडं मोजण्यापेक्षा नियम विचार: तोडीला दंड किती, तो कोण वसूल करतं, नियम मोडणारा नात्यातला निघाला तर काय करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. ज्या पाड्यांवर जाशील तिथे तो दावा कुठे अडकलाय, ग्रामसभेत, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत, ते तारखांसह लिही.

नर्मदाकाठच्या गावांसाठी वेगळा भाग कर. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावं बाधित झाली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्याने विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला, पण बुडालेली शेतं अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुव्याची. जी घरं काठावरच राहिली त्यांना दवाखान्यापर्यंत जायला बोट लागते, म्हणून 'दवाखाना किती किलोमीटर' या प्रश्नाऐवजी 'रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर किती तास' असं विचार.

पाड्यावर पावरी किंवा भिली बोलणारी एक बाई आणि एक पुरुष सोबत हवेत. बायकांची उत्तरं बायकांनीच घ्यायची. काम संपल्यावर पाड्याचा नकाशा आणि त्यांचे बारा रकाने ग्रामसभेत वाचून दाखव आणि एक प्रत तिथेच ठेव. आधी वीस घरांची चाचणी कर आणि भरलेले अर्ज मला पाठव. उचलीच्या प्रश्नांवर लोक कुठे थांबतात ते पाहून आपण क्रम बदलू.

कळावे,
तुझा शुभचिंतक